पाटवडीवर बंदी

(सिंगापूर, नोव्हेंबर २००६. आंग मो किओमधला सातव्या मजल्यावरचा फ्लॅट, शनिवारची सकाळ. शिरीष, त्याची मुलगी जाई, आणि दर शनिवारी येणारी मेहुणी मेधा.)

जाई : दोन वर्षं, बाबा. स्पष्ट लिहिलंय. पाटवडीला दोन वर्षं कुठल्याच स्पर्धेत खेळता येणार नाही. गेल्या वर्षीचा तिसरा नंबरपण काढून घेतलाय.

शिरीष : माहीत आहे. सकाळी सहाला वाचलं मी.

जाई : आणि आता साडेनऊ वाजलेत! मी इथं बसून टोस्टला नारळाचा काया जॅम लावतेय आणि तू मला विचारतोस, बटर घातलंस का.

शिरीष : नव्हतंस घातलं.

मेधा : तुमची लिफ्ट अजून सहाव्यालाच थांबते हो. एक मजला चढेपर्यंत तुमचं अर्धं भांडण ऐकून झालं. कुणाला बंदी? भाऊजी, या वयात काय केलंत?

शिरीष : ये मेधा. काही नाही. बस.

जाई : काही नाही काय? मावशी, बाबांच्या चेस प्रोग्रॅमवर चीटिंगचा आरोप आहे. आज निकाल लागला.

मेधा : पाटवडीवर? अगं, माझ्या बहिणीनं त्याचं बारसं केलंय. पटाची घरं बघून म्हणाली, ताटात थापून चौकोन पाडल्यासारखं दिसतं. पण मला एक सांगा. संगणक संगणकाशी खेळणार, माणूस नुसता शेजारी बसणार. त्यात खोटेपणा करायचा कसा? बाहीत वजीर लपवून?

जाई : तसं नाही. प्रोग्रॅम ज्याचा त्यानं लिहायचा. दुसऱ्याचा काही भाग घेतला तर फॉर्मवर सांगायचं. समिती म्हणते, आपल्या प्रोग्रॅमचा एक भाग कॉपी आहे आणि आपण सांगितलं नाही.

मेधा : कुठला भाग?

जाई : एंडगेम. पटावर थोड्याच सोंगट्या राहतात तेव्हाचा.

मेधा : तो तर ताईचा.

शिरीष : म्हणून तर सांगतोय, काही नाही. चहा घेणार की कॉफी?

मेधा : चहा. आणि असं उठून जाऊ नका, जाई करेल. समितीनं तुम्हाला काही विचारलं असेल ना आधी?

जाई : दोनदा विचारलं. ऑगस्टमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये. मूळ फाइल पाठवा, आम्ही बघतो. बाबांनी पाठवली नाही. मग त्यांनी तयार प्रोग्रॅमच उसवून बघितला.

मेधा : का नाही पाठवलीत?

शिरीष : आपलं लिहिलेलं दुसऱ्याला का दाखवायचं?

मेधा : अच्छा. तत्त्व.

जाई : अगदी हेच सगळ्यांना वाटलंय, मावशी! बाबांनी गेल्या आठवड्यात स्पर्धेच्या ऑनलाइन फोरमवर एकच ओळ लिहिली, ‘फाइल दाखवणार नाही.’ झालं. लोकांना वाटलं, बघा, कसला ताठ माणूस! नऊ जणांनी बहिष्कार टाकलाय. सोमवारी स्पर्धा आहे, सोळातले नऊ खेळणार नाहीत. म्हणतात, मिस्टर शिरीषवर अन्याय झाला तर आम्हीपण नाही.

मेधा : अगंबाई! भाऊजी, तुमच्या मागे नऊ माणसं? मराठी मंडळाच्या गणपतीला तुम्ही आरतीचं ताट धरलंत तर मागे दोन नसतात.

शिरीष : मी नव्हतं सांगितलं त्यांना.

जाई : पेनांगचे मिस्टर लिम तर पेटलेत. हे ऐक. ‘मी मिस्टर शिरीष यांच्या पाठीशी खडकासारखा उभा आहे.’ एवढं लांब निषेधपत्र आहे, संपतच नाही लाह.

मेधा : तुझं ते सिंगापुरी ‘लाह’ राहू दे. हे लिम कोण?

शिरीष : रिटायर झालेला शाळामास्तर. बरा माणूस आहे. दोन वर्षं याच स्पर्धेसाठी तयारी करतोय. मागच्या खेपेला पाटवडीकडून हरला होता.

मेधा : आणि आता तुमच्यासाठी घरी बसणार.

शिरीष : हो.

मेधा : बरं वाटतंय का?

शिरीष : नाही वाटत. म्हणून तर सहापासून उठून बसलोय.

मेधा : मग फाइल दाखवून टाका की. हे बघा, मी बँकेत दिवसभर हेच करते. लोकांकडून ‘मी नियम वाचले आहेत’ अशा सह्या घेते. कुणीही वाचत नाही. पण तपासणी आली की निमूट कागद काढून देतात. तत्त्वासाठी कागद अडवणारा मी अजून पाहिला नाही. तत्त्व सांगायला लागला की आम्ही समजतो, याला कागद सापडत नाहीये.

शिरीष : सापडत नाही असं नाही. तिथेच आहे.

मेधा : मग?

शिरीष : उघडली नाही मी.

मेधा : कधीपासून?

जाई : आई गेल्यापासून. पावणेदोन वर्षं.

मेधा : अहो, मग पाटवडी मधल्या काळात खेळली कशी?

शिरीष : तयार प्रोग्रॅम नुसता सुरू करायचा असतो. त्याला आतली फाइल उघडावी लागत नाही. शिवणयंत्र चालवताना कुणी आतली चाकं बघतं का?

मेधा : आणि त्याच्या आधी? ती असताना तरी बघितली होतीत?

शिरीष : नाही. ती बघू द्यायची नाही.

जाई : हे मला पण माहीत नव्हतं.

शिरीष : तू नववीत होतीस. सार्सच्या साथीचे दिवस. शाळा बंद, सगळे घरात. तुझी आई इथं येऊन चार वर्षं झाली होती. पुण्यात तिनं सतरा वर्षं गणित शिकवलं, इथं डिपेंडंट पासवर, म्हणजे नुसती माझी बायको म्हणून, भाजी निवडत होती. एक दिवस म्हणाली, तुमचं ते यंत्र शेवटी शेवटी फार बावळटासारखं खेळतं, मी बघू का? माझी पुस्तकं घेऊन बसली आणि तीन महिन्यांत शिकली. मी तिच्या दोन ओळी सुधारल्या.

मेधा : सुधारल्यात? ताईच्या?

शिरीष : मला वाटलं चुकल्यात.

मेधा : आणि?

शिरीष : आठवडाभर चहात साखर नव्हती. मग ठरलं, सुरुवात आणि मधला डाव माझा, शेवट तिचा. एकमेकांच्या भागात पाऊल टाकायचं नाही.

मेधा : म्हणजे स्पर्धेचा फॉर्म भरलात तेव्हा ‘सगळं आमचं स्वतःचं’ या चौकटीत खूण केलीत, ती न वाचता.

शिरीष : तिनं लिहिलंय म्हटल्यावर वाचायचं काय?

मेधा : माझ्या बँकेत या. लगेच नोकरी देते.

जाई : मावशी, पण त्यांचा पुरावा ऐक ना. चौसष्ट आकडे आहेत. पटाच्या प्रत्येक घराला एक. शेवटी राजा कुठल्या घरात असला तर किती चांगलं, त्याचे. ते म्हणतात, इंटरनेटवर एका जर्मन स्टुडंटनं फुकट ठेवलेला प्रोग्रॅम आहे, त्यातले चौसष्टच्या चौसष्ट तसेच आहेत.

शिरीष : असू शकतात. राजा मधे आला की चांगलं, कोपऱ्यात गेला की वाईट. कुणीही लिहिलं तरी थोडंफार तेच येणार. बरोबर उत्तर एकच असतं.

जाई : तेच मला पण वाटलं. पण खाली लिहिलंय, तक्त्याची डावी बाजू आणि उजवी बाजू सारखी पाहिजे. एका जागी डावीकडे उणे सतरा आहे आणि उजवीकडे उणे सात. त्या जर्मन मुलाची टायपिंगची चूक. आणि आपल्याकडे पण उणे सात.

मेधा : भाऊजी.

शिरीष : काय?

मेधा : ताई पोरांची कॉपी कशी पकडायची, आठवतंय ना?

शिरीष : नको सांगूस.

मेधा : जाई, तुला सांगते. ती बरोबर उत्तरं बघायचीच नाही. म्हणायची, बरोबर उत्तर सगळ्या वर्गाचं सारखंच असतं, दोघांचं चुकीचं उत्तर सारखं आलं की दोघांना उभं करायचं.

शिरीष : म्हणजे साधनानं कॉपी केली असं तुझं म्हणणं.

मेधा : मी कुठं काय म्हणाले?

शिरीष : तिची सख्खी बहीण तू. तिनं आयुष्यात कुणाची पेन्सिल उचलली नाही.

मेधा : तुमची नसेल उचलली. चौथीत असताना तिनं माझी चित्रकलेची वही स्वतःची म्हणून बाईंना दाखवली होती. माझ्या मोराला तिला ‘उत्तम’ मिळालं! आठ दिवस मी बोलत नव्हते तिच्याशी. तुम्ही फोटोला हार घातल्यापासून तिला फार सरळ करून टाकलंय, भाऊजी. ती एवढी सरळ नव्हती. म्हणून तर मजा यायची.

जाई : मोर? खरंच? आईनं?

मेधा : खरंच गं. पुढं मोठेपणी मला मोराची साडी घेऊन दिली, व्याज म्हणून.

शिरीष : हे बघा. आत्ता बंदी माझ्यावर आहे. मी हट्टी, मी फाइल दाखवत नाही, म्हणून बंदी. ते मला चालतंय. फाइल उघडली आणि त्यात तसं काही निघालं, तर ती बंदी तिच्यावर जाईल. आता तिला काही सांगता येणार आहे का? मी असं केलं, अमुक म्हणून केलं, काही बोलता येणार आहे? नाही ना? मग राहू दे माझ्यावर.

जाई : बाबा...

शिरीष : राहू दे म्हटलं ना.

मेधा : बरं, राहू दे. तुमच्यावर राहिलं तर माझी काही तक्रार नाही. पण ते मास्तर? त्यांच्यावर का? ते घरी बसलेत ते तुमच्या तत्त्वासाठी, आणि तत्त्व तर नाहीच आहे. तुम्हाला फाइल उघडायची भीती वाटते, एवढंच आहे. नऊ माणसं भीतीला पाठिंबा देतायत. सांगा त्यांना तसं. तेवढं तरी खरं सांगा.

जाई : आणि बाबा, परत नाव द्यायला उद्या दुपारी बारापर्यंत वेळ आहे. नंतर चान्स नाही.

शिरीष : लिमनं नवीन मशीन घेतलंय या स्पर्धेसाठी. मला फोटो पाठवला होता.

मेधा : मी वाचू का आधी? वाईट असेल तर मीच सांगेन. एका मोराची ओळख आहे माझी.

शिरीष : तुला कळणार नाही त्यातलं.

जाई : मला कळेल. पॉलिटेक्निकमध्ये कॉम्प्युटरच्या सेकंड इयरला आहे मी, विसरलास? सरक. कुठल्या फोल्डरमध्ये?

शिरीष : ‘शेवट’ नावाच्या.

जाई : अय्यो, आईपण ना. बघू. उघडली. बाबा, यात मराठी आहे! मधे मधे. पण इंग्लिश अक्षरांत.

शिरीष : काय?

जाई : कॉमेंट्स. प्रोग्रॅममध्ये माणसानं माणसासाठी लिहायच्या ओळी, मावशी, मशीन त्या वाचतच नाही. मी वाचते. बरं झालं इंग्लिश अक्षरं आहेत, नाहीतर मला दुपार झाली असती. ‘अहो, इथून पुढे माझं राज्य आहे. हात लावू नये.’

मेधा : तीच ती.

जाई : ‘आज जाईला ताप. हत्तीचं उद्या.’ मग खाली, ‘हत्ती झाला. ताप उतरला.’ मग... ‘यांच्या प्रोग्रॅमचा राजा शेवटपर्यंत कोपऱ्यात बसून राहतो. यांच्यासारखाच. पाहुणे गेल्यावर बाहेर येऊन काय उपयोग?’

मेधा : हे समितीला पाठवणं अवघड आहे खरं.

शिरीष : पुढं वाच.

जाई : पुढं तक्ताच आहे. चौसष्ट आकडे. वरती लिहिलंय. मोठं आहे. वाचू?

शिरीष : वाच म्हटलं ना.

जाई : ‘हा तक्ता माझा नाही. एका जर्मन विद्यार्थ्यानं नेटवर ठेवला आहे, नाव सांगून कुणीही वापरा म्हणतो.’ मग त्याचं पूर्ण नाव आणि पत्ता दिलाय. ‘स्पर्धेचा फॉर्म भरताना हे नाव लिहिणे. तक्त्यात त्याचा एक आकडा चुकला आहे. मी मुद्दाम तसाच ठेवला. दुसऱ्याची वही उतरवून त्याची चूक तेवढी दुरुस्त करायची आणि आपली म्हणायची, हे मी पोरांना कधी करू दिलं नाही. तुम्ही हे वाचणार नाही हे मला माहीत आहे, म्हणून आज रात्री जेवताना तोंडीही सांगणार आहे.’

मेधा : आणि सांगितलं होतं?

शिरीष : कुणा जर्मन मुलाचं काहीतरी सांगत होती. आमटी वाढताना.

मेधा : तुम्ही काय म्हणालात?

शिरीष : ‘हं’ म्हणालो. लिमशी डाव चालला होता, पडद्यावर लक्ष होतं. ती म्हणाली, लक्षात राहील ना? मी म्हटलं, हं.

मेधा : देवा! या ‘हं’वर महाराष्ट्रातले अर्धे संसार उभे आहेत, आणि उरलेले अर्धे याच्यामुळेच बसलेत.

जाई : म्हणजे आईनं सगळं बरोबर केलं. चीटिंग आपण केलं. आय मीन, तू.

शिरीष : मी केलं.

मेधा : चेहरा बघा कसा झालाय! अहो, आनंद झालाय की दुःख?

शिरीष : काय माहीत. दोन्ही नसेल. तिचा आवाज ऐकल्यासारखं झालं. जाई, मेल लिहायला घे. समितीला आणि फोरमवर, दोन्हीकडे तीच.

जाई : सांग.

शिरीष : लिही. महोदय, आपला निर्णय योग्य आहे. अनवधानाने आणि काही वैयक्तिक कारणांमुळे सदर बाबीचा उल्लेख...

मेधा : अनवधान कुठलं? ‘मी वाचलं नाही’ असं लिहा.

शिरीष : तसं लिहितात का कुठं?

मेधा : कुणी लिहीत नाही. म्हणून तर लिहा.

शिरीष : बरं. आपला निर्णय योग्य आहे. तो तक्ता आमचा नाही. माझ्या बायकोनं तो कुणाचा आहे हे फाइलमध्ये लिहून ठेवलं होतं आणि मला तोंडीही सांगितलं होतं. मी वाचलं नाही आणि ऐकलंही नाही. फॉर्मवर सही माझी आहे. तिच्या कॉमेंटचं भाषांतर सोबत देतो. ज्या नऊ जणांनी माझ्यासाठी नाव मागे घेतलं, त्यांनी उद्या बाराच्या आत परत द्यावं. माझी बाजू घेण्यासारखं काही नव्हतं. मी फाइल दाखवली नाही, कारण ती उघडण्याचं धाडस मला झालं नाही.

जाई : शेवटचं वाक्य ठेवू?

शिरीष : ठेव.

जाई : भाषांतर कुठपर्यंत देऊ? कोपऱ्यातल्या राजापासून?

शिरीष : फक्त तक्त्याचं दे.

मेधा : राजाचं द्या की. समिती हसेल तरी.

शिरीष : फक्त तक्त्याचं. पाठव.

जाई : पाठवली.

मेधा : आता खा. टोस्टचा पार पुठ्ठा झालाय. खालच्या हॉकरच्या गाळ्यावरून काही गरम आणू का? तुमचा तो भाताचा पॉरिज?

शिरीष : आण. तिखट जास्त सांग.

जाई : बाबा, लिम अंकलचं उत्तर आलंपण! ते काय कॉम्प्युटरसमोरच झोपतात काय? ऐक. ‘मिस्टर शिरीष, मी तुमच्यासाठी एकशेदहा ओळींचं निषेधपत्र लिहिलं. चार दिवस लागले. आता मी काय त्याची होडी करून सोडू? चाळीस वर्षं मास्तरकी केली, पण अशा मुलासाठी कधी भांडलो नव्हतो ज्यानं वहीच उघडली नाही.’

मेधा : मला आवडला हा माणूस.

जाई : अजून आहे. ‘मी नाव परत दिलं आहे. बाकीच्यांना फोन करतो. तुमच्या पत्नीनं नियम पाळला, तुम्ही मोडला. माझ्या मते बंदी तुमच्यावर हवी होती, प्रोग्रॅमवर नको. पण समिती ऐकणार नाही. दोन वर्षांनी भेटू. तोवर तुमच्या पत्नीची फाइल नीट वाचा. लिम.’

शिरीष : बरोबर बोलतोय.

मेधा : रागावला आहे?

शिरीष : रागावला आहे. पण खेळेल. खेळायला हवा तो.

जाई : बाबा, इकडे ये जरा. तक्त्याच्या खाली अजून एक तक्ता आहे.

शिरीष : दुसरा?

जाई : बंद करून ठेवलाय. म्हणजे मशीन तो घेत नाही. वरती लिहिलंय, ‘उसन्यावर किती दिवस खेळायचं? हा माझा स्वतःचा. रोज एक घर, डाव लावून, मोजून.’ तारीख आहे, जानेवारी २००५.

मेधा : जानेवारी? म्हणजे हॉस्पिटलच्या आधी...

जाई : तीन आठवडे.

शिरीष : मी बघतो. उठ. मला बसू दे.

मेधा : काय आहे त्यात?

शिरीष : थांब. तिचे आकडे वेगळेच आहेत. त्या पोरानं जिथं उणे दिलंय तिथं हिनं अधिक दिलंय. हे असं का बरं... हां. हां, बरोबर. समोरचा घोडा गेलेला असेल तर बरोबर आहे हे. हे माझ्या लक्षातच आलं नसतं.

मेधा : मग हा घाला ना पाटवडीत. दोन वर्षांनी कुणाच्या बापाची बोलायची टाप नाही.

शिरीष : पुरा नाही हा.

जाई : किती झालाय?

शिरीष : अकरा घरं भरलीत तिनं. त्रेपन्न राहिलीत.